निवर्तले, वारले, निधन झाले

जुन्या मराठी वर्तमानपत्रात माणूस निवर्तायचा. 'रा. रा. अमुक अमुक हे अल्पशा ज्वराने निवर्तले', की संपली बातमी. आता त्याचं 'दुःखद निधन' होतं. खाली पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं, आणि शेवटी आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या रिवाजाप्रमाणे रक्षाविसर्जनाची वेळ. (ती मात्र हवीच. निम्मं गाव तेवढ्यासाठीच ते पान उघडतं.)

मला खटकतं ते व्याकरण. 'आप्पा निवर्तले' या वाक्यात आप्पा कर्ता आहेत. 'आप्पांचे निधन झाले' म्हटलं की कर्ता झालं निधन, आणि आप्पा गेले षष्ठीत. आयुष्यातली शेवटची क्रिया, तीसुद्धा त्यांच्या नावावर राहू दिली नाही. बरं, हे मरणापुरतंही नाही. पेपरात पाऊस पडत नाही, पर्जन्यवृष्टी होते. पोलीस चोराला धरत नाहीत, त्याला अटक करण्यात येते. पूर्वीचे लोक आरंभिले, योजिले, धिक्कारिले असं एका शब्दात लिहून मोकळे व्हायचे. आता 'आयोजन करण्यात आले होते'. कुणी केलं? ते फ्लेक्सवर बघा.

निवर्तणे मूळचं संस्कृत. नि आणि वृत्, म्हणजे मागे फिरणे, थांबणे. 'निवृत्त' त्याच धातूतला. त्यामुळे सरकारी नोकर आधी निवृत्त होतो, मग निवर्ततो, आणि मधल्या काळात दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो. गंमत म्हणजे गीतेच्या पंधराव्या अध्यायात 'यद्गत्वा न निवर्तन्ते' आहे, जिथे गेल्यावर परत फिरत नाहीत ते धाम. आणि मराठीत जो कायमचा गेला, तोच निवर्तला! मला वाटतं, आपण संसारातून मागे फिरणं धरलं असावं.

कुणी म्हणेल, ही सगळी पुणेरी भाषा. पुण्यात छापली खरी, पण 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, आणि पुढे 'केसरी'चं संपादन करून १९२३ साली मुंबईत 'नवाकाळ' काढणारे खाडिलकर आमच्या सांगलीचे. वर्तमानपत्री मराठीला कृष्णेचं पाणी भरपूर लागलंय.

'निवर्तले' परत आणा, असं माझं म्हणणं नाही. बोलण्यात 'वारले' आहे, 'गेले' आहे, दोन्ही धडधाकट क्रियापदं. पेपरवाल्यांनी तीच वापरावीत.

पण निवडणुकीच्या बातम्यांत हल्ली 'निवर्तमान आमदार' दिसतात, त्याचं काय करायचं? शब्द हिंदीतून उचललेला, तिकडे अर्थ पद सोडणारा. गावभागातल्या एका आजींनी तो वाचून "अगंबाई, कधी गेले?" म्हणून विचारलं, आणि पुढच्याच पानावर त्यांचा प्रचारातला हसरा फोटो बघून पेपरवाल्याचा उद्धार केला. 'मावळते आमदार' असं चांगलं मराठीत म्हणता येतं. एक अक्षर कमीच लागतं.