वाकलेलं घर आणि अडलेली सही

सदाशिव पेठेतला आमचा वाडा बिल्डरला द्यायचा की राखायचा, यावरून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज जुंपते. मी मँचेस्टरला राहतो, म्हणून दोन्ही पक्ष मलाच साक्षीला ओढतात. "तुमच्याकडे बघ, पाचशे वर्षांची लाकडी घरं कशी जपतात!" ही आत्या.

बघून आलो. चेशायरमध्ये काँगल्टनजवळचा लिटल मोर्टन हॉल. भोवती खंदक, मध्ये चौक. 1504 च्या सुमारास काम सुरू झालं, ते शंभरेक वर्षं चाललं. चौकातल्या खिडक्यांवर रिचर्ड डेल या सुतारानं 1559 साली आपलं नाव कोरलंय: देवाच्या कृपेनं या खिडक्या मी केल्या. (आमचे सागवानी खांब कुणी तासले, कुणाला ठाऊक?) सगळ्यात वरती मागाहून हौसेनं चढवलेलं एकवीस मीटरचं दालन आणि त्यावर दगडी फरश्यांचं छप्पर. त्या ओझ्यानं अख्खं घर वाकलंय. त्या दालनात चालताना पाऊल कुठे चढतं, कुठे उतरतं.

पण आत्या, हे घर तगलं ते दारिद्र्यामुळे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात घराची मालक मोर्टन मंडळी राजाच्या बाजूनं राहिली आणि कर्जात बुडाली. पुढे घर शेतकरी कुळांना भाड्यानं गेलं. हातात पैसा खुळखुळत असता तर त्यांनीही ते पाडून विटांचा बंगला बांधला असता, असा मला दाट संशय आहे. शेवटच्या वारस एलिझाबेथ मोर्टन ख्रिस्ती जोगीण होत्या. पोलादी सळया घालून दालन सावरलं, तेही बहुधा त्यांनीच. 1912 मध्ये त्यांनी घर नात्यातल्या बिशपांच्या नावे केलं, ते कधीही विकायचं नाही या अटीवर. 1938 पासून ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. डागडुजीला सभासदांची वर्गणी येते, तिकिटाचे पैसे येतात. माझेही गेले.

आपल्या वाड्यात भाडं अजून महिन्याला चहा-बिस्किटाइतकं. त्यात कौलं शाकारणार कोण? "इंग्लंडमध्ये बघा" म्हणणाऱ्यांना वारसा हवा असतो, गळकं न्हाणीघर नको असतं. मी तरी कुठे वेगळा? हीटिंगच्या फ्लॅटमध्ये बसून माडीच्या आठवणी काढतो.

संमतीपत्र टेबलावर पडलंय, सही बाकी आहे. ग्रुपवर विचारलं, राखायचा तर दरसाल प्रत्येकी किती काढायचे? माझा आकडाही टाकला. चार दिवस झाले. आत्यानं गुरुवारच्या आरतीचा व्हिडिओ पाठवलाय.