आठ गुणांची आठ ऑक्टोबर

गेली तेवीस वर्षे माझ्या वर्गाचा सारा हिशेब अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत सुखाने नांदत होता. १० पैकी ८ गुण मी ८/१० असे लिहीत असे आणि वही ते निमूटपणे ठेवून घेत असे. त्यावर तिचे स्वतःचे असे काही मत नसे. २०२५ च्या पहिल्या घटक चाचणीपासून मात्र गुण गूगल शीट्समध्येच भरावेत, अशी सूचना शिक्षक-खोलीच्या फळ्यावर झळकली. २००६ साली निघालेली सोय आमच्या पेठेत पोहोचायला इतकी वर्षे लागली, याचे मला तरी दुःख नव्हते. एका तक्त्यात १ कोटी घरे मावतात, असे संगणकाच्या बाईंनी कौतुकाने सांगितले. माझ्या वर्गात मुले ५४.

त्या रात्री जेवण उरकून बसलो आणि हजेरी क्रमांक १ पुढे ८/१० टंकून सहज वरच्या पट्टीकडे पाहिले, तर तिथे ८/१०/२०२५ उमटले होते. मी गणिताचा शिक्षक. ८/१० हा अपूर्णांक असतो, फार तर गुण असतात, पण ती तारीख असल्याचा शोध न विचारता लावणारे हे यंत्र मला एकदम अस्सल पुणेरी वाटले. पत्ता विचारणाऱ्याला मुळात तिकडे जायचेच कशाला, हे आम्हीही असेच समजावतो.

तारीख जावी म्हणून रकान्याचे स्वरूप ‘संख्या’ केले. हजेरी क्रमांक १ ला ४५,९३८ गुण मिळाले. पुढे कळले की हा तक्ता ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस मोजतो, आणि ८ ऑक्टोबर हा त्याच्या लेखी पंचेचाळीस हजार नऊशे अडतिसावा दिवस. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: ३/१० वाल्याला ४५,९३३ मिळाले होते, म्हणजे दोघांतले पाच गुणांचे अंतर यंत्राने इमानाने राखले होते. आणि मागच्या बाकावरच्या ज्या चिरंजीवांना दोनच गुण होते, त्यांच्या वाट्याला २ ऑक्टोबर, म्हणजे त्या वर्षीचा दसरा आणि गांधी जयंती, एकदमच आली.

मग स्वरूप ‘साधा मजकूर’ केले आणि चोपन्नही गुण नव्याने टंकले. साडेअकरा वाजले होते. या वेळी ८/१० जागच्या जागी राहिले, म्हणून मोठ्या उत्साहाने खाली बेरीज मागितली, तर शून्य. मजकुराची बेरीज होत नसते. “अहो, ती वही घ्या आणि झोपा,” असे आतून दोनदा सांगून झाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात तक्ता पडद्यावर लावून मी ही व्यथा, गणितातील उदाहरण म्हणून, मांडली. दसरावाले चिरंजीव उभे राहिले.

“सर, नुसतं आठ लिहा ना. पैकी दहा एकदाच वर मथळ्यात लिहायचं.”

मी स्वरूप पुन्हा ‘संख्या’ केले आणि तसे लिहिले. बेरीज बिनचूक आली. त्याच्या नावापुढे २ टंकू लागलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, “सर, माझे तेवढे पंचेचाळीस हजारच राहू द्या.”