गेरूने कीड मरत नाही, रक्तही वाढत नाही

‘गेरू म्हणजे निसर्गाने दिलेलं लोह. खोडाला फासा, कीड मरते. कुंडीला लावा, झाडाला लोह मिळतं. चमचाभर दुधातून घ्या, रक्त वाढतं. वारली चित्रं गेरूनेच काढतात आणि शेंदूरही त्यातूनच होतो.’ हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. गेरूत लोह असतं, एवढंच त्यातलं खरं.

चिकणमातीत मुरलेलं लोहाचं ऑक्साइड, मुख्यतः हेमॅटाइट, म्हणजे गेरू. तो पाण्यात विरघळत नाही, उन्हाने उडत नाही. भीमबेटकाच्या आदिमानवी खडकचित्रांतला आणि अजिंठ्याच्या चित्रांतला तांबडा टिकला तो याच गुणामुळे. आणि याच गुणामुळे मेसेजमधले दावे कोसळतात.

आधी खोड. डाळिंबाला खोडकिडा लागू नये म्हणून १० लिटर पाण्यात साधारण ४ किलो गेरू कालवून लेप देतात, पण त्यात शिफारशीप्रमाणे कीटकनाशक आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक घालतात. कीड मारतं ते औषध. गेरू त्याला सालीवर धरून ठेवतो. गेरू रात्रभर भिजवला नाही तर गुठळ्या राहतात आणि वाळल्यावर लेपाचे पोपडे निघतात. जोराच्या पावसात तो धुपतो, मग पुन्हा लावावा लागतो. नुसत्या गेरूचा पट्टा ओढला तर झाड दिसतं छान, बाकी काही नाही.

कुंडीबाहेरचा गेरू मुळांना लोह कसं देणार? जे विरघळतच नाही ते मुळं शोषणार कुठून! रंग म्हणून खुशाल लावा. आधी कुंडीवर फुटलेले पांढरे क्षार घासून काढा, नाहीतर त्यांच्यासकट थर सुटतो. पाण्यात थोडा डिंक घातला की रंग हाताला लागत नाही.

वारलीत गेरू ही पार्श्वभूमी. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर गेरूचा हात फिरवतात. चित्र उमटतं ते तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने. लाल रंगाची खरी करामत पाहायची तर गोवा-कोकणातली कावी कला पाहावी. शिंपल्यांचा चुना, धुतलेली वाळू आणि गूळ मुरवून, कुटून गिलावा करतात. तो ओला असतानाच वर काव, म्हणजे तांबडी माती, चढवतात आणि टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. गिलावा सुकला की कड तुटते, म्हणून एका वेळी उरकेल तेवढाच भाग घेतात. चुन्याच्या दाहात वनस्पतींचे बहुतेक रंग मरतात, काव तग धरते.

शेंदूर शिशाचा, विषारी. गेरूशी त्याचं नातं नाही.

राहिलं खाणं. रक्त वाढवण्याच्या गोळ्यांत बहुधा फेरस सल्फेटसारखं विरघळणारं लोह असतं. हेमॅटाइटमधून शरीराला जवळजवळ काहीच मिळत नाही. आयुर्वेदातला शुद्ध गैरिक, म्हणजे औषधी गेरू, संस्कार करून, वैद्याच्या देखरेखीखाली देतात. रंगाच्या दुकानातल्या गेरूच्या पुडीत कारखान्यातला रेड ऑक्साइडही असू शकतो. तो भिंतीसाठी आहे, दुधात घालण्यासाठी नाही.