खारघरच्या मुलासाठी फिरणारा मेसेज : खुलासा

‘खारघरच्या मुलाला ब्लड कॅन्सर, ओ निगेटिव्ह बोन मॅरो हवा, या क्यूआरवर पैसे पाठवा’ हा मेसेज वाशी-कोपरखैरणेच्या ग्रुपवर फिरतोय. मुलगा खरा, आजार खरा, त्याच्या उपचारासाठीचा आमचा निधीही खरा. बाकीचं चुकलंय.

बोन मॅरो म्हणजे अस्थिमज्जा, हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मऊ भाग. ती रक्तगट बघून जुळवत नाहीत, एचएलए म्हणजे पेशींवरच्या आनुवंशिक खुणा बघतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच, म्हणून बाहेरचा दाता शोधतात. नोंदणीला गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पुरतो. पाठीच्या कण्यातून काही काढत नाहीत; मज्जारज्जू वेगळा, अस्थिमज्जा वेगळी. बहुतेक दात्यांना काही दिवस इंजेक्शनं देतात, मग हाताच्या शिरेतलं रक्त मशीनमधून फिरवून रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी वेगळ्या करतात.

आता क्यूआर. तो कुणीतरी बदललाय. स्कॅन करून पाहिलं तर एका व्यक्तीचं नाव येतं. आमच्या निधीचे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहूनच भरतात. पिन टाकण्याआधी दिसणारं नाव वाचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.