'इफ' नंतर 'विल' येतच नाही? येतं की!
ते फॉरवर्ड फिरतंय ना, 'इफ'च्या वाक्यात 'विल' घातलं की इंग्रजी चुकलंच म्हणून, ते अर्धंच खरं आहे. नुसती अट असेल तर 'इफ इट रेन्स' हेच बरोबर, आपण तरी कुठे 'पाऊस येईल तर' म्हणतो, 'आला तर'च म्हणतो ना. पण समोरच्याची तयारी किंवा विनंती असेल तर 'विल' बिनधास्त चालतं, म्हणजे हॉटेलात रिसेप्शनवाला 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल हिम' म्हणतो तेव्हा तो 'जरा थांबता का' असंच विचारत असतो, आणि हे अगदी शुद्ध, नम्र इंग्रजी आहे. त्यामुळे प्लीज, असं बोलणाऱ्या पोरांना उगाच टोकू नका, आधीच ती बोलायला घाबरतात.