दिल्याची ट्रॉली आणि पासष्टचा सौदा

आमचा कट्टा म्हणजे पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या, बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीची पायरी. वर गुळगुळीत कडप्पा, समोर अमृततुल्य चहाचं दुकान. शनिवारी रात्री आठला दिल्या आला तो जनरेटरच्या ट्रॉलीसकट. पिकअप निम्मी रस्त्यात, ट्रॉली उरलेल्या निम्म्यात, आणि साहेब गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "आज मरता मरता वाचलो. पण वाचवली कशी ते ऐका."

दिल्याचा धंदा मांडव, लायटिंग आणि जनरेटरचा. साताऱ्याला लग्न होतं. कार्य उरकून दुपारी निघाला, खंबाटकीचा बोगदा झाला, शिरवळ झालं, खेड शिवापूरचा टोल झाला, सगळं रस्ताभर ऐंशीने. कात्रजचा नवा बोगदा संपला, उतार लागला आणि उजवीकडून एक स्लीपर बस सूं करून गेली. तिच्या वाऱ्याने ट्रॉली आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आरशात एकदा ट्रॉलीचा डावा दिवा दिसतोय, एकदा उजवा.

"मग मी काय केलं?" दिल्याने थांबून आमच्या तोंडांकडे पाहिलं. "ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने खेचली की ट्रॉली सरळ. घाबरून ब्रेक मारला असता ना, तर उद्या तुम्ही मला पोचवायला वैकुंठ स्मशानात."

पक्याने टाळी दिली. पक्या एक्स्प्रेसवेवर घर ते वाशी किती मिनिटांत गेलो हे वेळापत्रकासारखं सांगणारा माणूस, त्याला असल्या गोष्टी पटतात. अण्णांनी मात्र बशी खाली ठेवली. अण्णा म्हणजे एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर, स्वारगेट डेपो. आमच्यात तेच एकटे असे, की ज्यांना सगळे अहो-जाहो करतात.

"दिलीप, उताराला गिअर कितवा होता?"

"पाचवा, अण्णा. ऐंशीला अजून कितवा असणार?"

"मग तू नाही वाचवलीस. तिने तुला सोडलं."

इथून जे सुरू झालं ते साडेदहापर्यंत चाललं.

सुध्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. त्याचं म्हणणं असं, की खेचल्यावर ट्रॉली सरळ होते हे खोटं नाही. ओढणारा दोर ताठ झाला की मागचं ओढलं जाणारच. पण प्रत्येक ट्रॉलीचा एक वेग असतो. त्याच्या खाली धक्का बसला तर झोकांडी आपोआप मरत जाते, दोन-तीन हेलकाव्यांत शांत. त्याच्या वर गेलं की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. दिल्या ऐंशीला त्या रेषेवर होता आणि ॲक्सिलरेटर दाबून रेषेच्या आणखी वर गेला. त्या क्षणी दुसरी बस आली नाही एवढंच.

"मग करायचं काय? हात जोडून बसायचं?"

"जवळपास तेच. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, आणि ट्रॉली डावीकडे गेली म्हणून आपण उजवीकडे वळवायचं नाही. आपली दुरुस्ती तिच्या हेलकाव्याच्या नेमकी अर्धा सेकंद मागे पडते आणि झोका वाढतो. पाळण्याला धक्का देतात तसं. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असला तर फक्त तो हळू लावायचा. तुझ्या ट्रॉलीला आहे?"

दिल्या चहा प्यायला लागला.

अण्णांना सुध्याचं सगळं पटलं असं नाही. ते म्हणाले, सपाटीवर पाय काढला की वेग उतरतो, कात्रजच्या उताराला पाचव्यात पाय काढलास तर वेग वाढतो. मागून बाराशे किलो ढकलतायत. त्यामुळे जे करायचं ते बोगद्याच्या आतच करायचं: तिसरा टाकायचा, इंजिनला धरू द्यायचं, मग बाहेर पडायचं. "ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगायचे. दिवे घाटात मी ब्रेक लायनर जळल्याचा वास घेतलाय, पुढच्या ट्रकचा. एकदा तो वास आला की पेडल असतं पण ब्रेक नसतो." कात्रज बोगद्यानंतरच्या त्याच उतारावर, नवले पुलापाशी, नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच अवजड गाडीने कित्येक गाड्यांना ठोकलं होतं. त्याची आठवण निघाली तेव्हा पक्यासुद्धा गप्प होता. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे अजून आहेत, आणि त्यातले दोन आपल्याच ओळखीचे आहेत, हे दिल्याने तेव्हा कबूल केलं.

पण पक्या फार वेळ गप्प राहत नाही. "हे बघा, सगळा हायवे नव्वद-शंभरने चाललाय आणि तुम्ही म्हणताय तसा हा हळू. मागून कुणीतरी येऊन ठोकेल. हळू जाणं हाच धोका आहे."

यात पक्याचं निम्मं बरोबर आहे, आणि हे मी लिहितोय याचा तो उद्या फायदा घेईल. सोलापूर रस्त्याने गळीत हंगामात रात्री आलेल्या कुणालाही विचारा. यवत सोडलं की समोर अंधार, अंधारातच एकदम हेडलाइटच्या उजेडात उसाचे शेंडे लोंबताना दिसतात, आणि मग कळतं की हा रस्ता नाही, ट्रॉली आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, असला तर उसाखाली झाकलेला. ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने, की त्याला आपला हॉर्न ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. मी एकदा चौफुल्याच्या अलीकडे असा ब्रेक मारलाय की मागच्या सीटवरचा डबा पुढे माझ्या पायात आला. माझा वेग सत्तर, त्याचा फार तर वीस. तेव्हा वेगातला फरक मारतो हे खरं. पण म्हणून उसाच्या ट्रॉलीने सत्तरने जावं असं पक्यालाही म्हणवलं नाही. डावी लेन, चालू दिवे, मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि हळू. चारही पाहिजेत. दिल्याच्या ट्रॉलीचा एक दिवा आरशात दिसत होता म्हणजे निदान दिवे तरी होते.

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. मागच्या वर्षी मुलीकडे जर्मनीला गेलो होतो. तिथे मोटारीमागे ट्रेलर असला की गावाबाहेर वेगमर्यादा ८०, त्यांच्या ऑटोबानवरसुद्धा. ज्या ऑटोबानचे गोडवे पक्या गातो, तीच. शंभरने जायचं तर गाडी-ट्रेलरची जोडी नियमात बसायला हवी, आणि मग ट्रेलरच्या मागे १०० चा गोल शिक्का लागतो. त्यात एक अट अशी, की ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नकोत. इंग्लंडात मोठ्या रस्त्यावर ट्रेलरला ताशी ६० मैल, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमध्ये यायचंच नाही.

"जर्मनीत ऊस नाही," दिल्या म्हणाला. याला उत्तर नसतं.

सुध्याने तोवर गिरणीच्या दारातून खडू शोधून आणला होता. पोरं तिथे ठिक्करबिल्ला खेळतात. त्याने कडप्प्यावर मांडलं. पिकअप माणसांसकट १,८०० किलो, ट्रॉली १,२००. ब्रेक फक्त पिकअपला, थांबवायचे मात्र ३,००० किलो. कोरडा चांगला रस्ता धरला तर मोकळी पिकअप ऐंशीवरून ब्रेक दाबल्यापासून साधारण ३५ मीटरमध्ये थांबते. ट्रॉली लावल्यावर त्याच ऐंशीवरून ५९. आणि ट्रॉली लावून साठने चालवली तर ३३.

"परत सांग," दिल्या म्हणाला.

"ट्रॉलीसकट साठ म्हणजे मोकळ्या गाडीचे ऐंशी. तुला ब्रेक मारताना जी गाडी ओळखीची वाटते ना, ती साठला आहे. ऐंशीला ती दुसरीच कुणीतरी आहे."

हिशोब ढोबळ आहे असं सुध्या स्वतःच दोनदा म्हणाला. उतार धरला नाही, पाऊस धरला नाही, ट्रॉली मागून ढकलून पिकअपला आडवं करते ते तर अजिबात धरलं नाही. म्हणजे जे धरलं नाही ते सगळं दिल्याच्या विरुद्धच होतं.

आता माणूस एवढ्यावर ऐकतो का? "मी वीस वर्षं ओढतोय" हे वाक्य आलंच. त्यावर अण्णा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चल, दाखव तुझी वीस वर्षं."

सगळे ट्रॉलीपाशी गेलो. मोबाइलच्या उजेडात जे दिसलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं म्हणजे पिन. पिकअपच्या हुकात ट्रॉलीच्या दांडीची कडी, आणि दोन्हींतून आरपार जायला हवी जाड पिन, खाली लॉकची क्लिप. तिथे होता सळईचा तुकडा. स्लॅबला वापरतात ती, अंगावर आडवे कंगोरे असलेली. खालचं टोक हातोडीने वाकवलेलं, वरचं टोक चमकत होतं, कारण घासून घासून तिथला गंज गेला होता. मधोमध, कडी जिथे घासते तिथे, सळईला कंबर पडली होती. अण्णांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. पिन तुटली तर ट्रॉली धरून ठेवायला आडवी साखळी असते, तिची दोन्ही भोकं दांडीला होती. साखळी नव्हती. "मागच्या गणपतीत कुणीतरी नेली," इति दिल्या.

दुसरं टायर. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. डाव्या टायरवर ०९१४. म्हणजे २०१४ सालच्या नवव्या आठवड्यातला. नक्षी छान शिल्लक होती, कारण ट्रॉली वर्षातले निम्मे दिवस उभीच असते. पण बाजूला बोट लावलं की केसासारख्या भेगा. उजव्या टायरवरचे आकडे पदपथाला घासून गेले होते, ते बरंच झालं.

आणि तिसरं, जे माझ्या मते खरं कारण. सुध्याने दिल्याला पिन काढून दांडी उचलायला सांगितली. दिल्याने एका हाताने उचलली. हसत. "बघ, किती बॅलन्स आहे."

"हेच तर," सुध्या ओरडलाच. अमृततुल्यवाला बाहेर येऊन बघायला लागला.

जनरेटर चाकांवर बरोबर मध्यावर होता. पण केबलची चार भेंडोळी, प्रत्येक तीस किलोचं, मागच्या फळीवर. मागचं वजन खाली, म्हणून पुढची दांडी हलकी. आणि हलक्या दांडीची ट्रॉली हीच शेपूट हलवणारी ट्रॉली. दांडीवर एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भार पाहिजे, दिल्याच्या बाबतीत शंभर-एकशे वीस किलो. तिथे वीस होते. वीस वर्षं दिल्या ज्याला बॅलन्स समजत आला, त्यानेच त्याला दुपारी नाचवलं होतं. बस फक्त निमित्त.

केबल पिकअपच्या हौद्यात टाकायला चौघांना पाच मिनिटं लागली. मग सुध्या म्हणाला, आता उचल. दिल्याने एका हाताने पाहिलं, दोन हातांनी पाहिलं, मग मी हात लावला. माझ्या कमरेने जे उत्तर दिलं ते अजून देतेय.

बंड्या विमा एजंट, तो तेवढ्यात पोचला. त्याने एकच प्रश्न विचारला: ट्रॉलीचं पासिंग वेगळं आहे का? कायद्याने ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर लागतो. दिल्याने ट्रॉलीच्या मागे पाहिलं. तिथे "गणपती बाप्पा मोरया" लिहिलेलं होतं. हा विषय आम्ही मैत्रीखातर तिथेच सोडला.

उरला वेग. इथे पुन्हा भांडण, पण आता त्याला मंडईची कळा आली.

"साठ," सुध्या.

"सत्तर. केबल पुढे घेतली ना?"

"ब्रेक आला का ट्रॉलीला केबल पुढे घेतल्याने?"

"पासष्ट. सपाटीला."

"आणि उताराला?"

दिल्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "उताराला आकडा नाही. तिसरा गिअर. मग काटा म्हणेल तो."

पासष्टवर सौदा पटला. सुध्याला ते मान्य नाही, हे नोंदवून ठेवायला त्याने मला मुद्दाम सांगितलंय. पक्याचं म्हणणं, या ट्रॉलीचा खरा सुरक्षित वेग विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर असतो तो, तासाला दोन चौक.

दुसऱ्या दिवशी उरुळीला काम होतं, पण अण्णांनी सळई खिशात घातली ती परत द्यायला तयार नाहीत. ट्रॉली रात्रभर गिरणीसमोरच राहिली. रविवारी अर्धा दिवस घालवून दिल्याने ओळखीच्या दुकानदाराला नाना पेठेत दुकान उघडायला लावलं. पिन आणली, क्लिप आणली, साखळीचे दीड मीटर आणले. टायर पुढच्या महिन्यात, म्हणतो.

सळई अण्णांनी अमृततुल्यवाल्याला दिली. त्याच्या शटरची खालची कडी बरेच दिवस तुटली होती. आता रात्री तो तीच अडकवतो, आणि घासून बारीक झालेली तिची कंबर बरोबर कडीत बसते.