टॉप टेनची यादी माझ्याकडे मागू नका

दर जूनमध्ये एक मेसेज येतोच, यंदा जरा लवकर आला. इथल्याच एका मराठी बाबांचा, त्यांची मुलगी आठवी संपवून आता हायस्कूलला चाललीय. "ताई तुम्ही मुलींच्या बास्केटबॉलचे इतके गेम बघता, लिहिता, तर आपल्या एरियातल्या टॉप टेन मुलींची एक यादी टाका की, आम्हालाही कळेल आमची कुठे बसते." मी नाही म्हटलं. त्यांनी रडका इमोजी टाकला, मग मलाच कसंतरी झालं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी आयोवात राहते, डी मॉईनजवळ. दिवसा एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते (इथले बरेचसे देशी लोक इन्शुरन्सच्याच कृपेने आलेत) आणि जून-जुलैत संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हायस्कूलच्या मुलींचं बास्केटबॉल बघायला जाते. नुसतं बघायला नाही, वही घेऊन. स्कोअर लिहिते, रात्री घरी येऊन इंग्रजीत एक छोटासा रिपोर्ट टाकते, तो खेळणाऱ्या दोन गावांतले पालक, कोच आणि एखाददुसरी आजी वाचते. पैसे मिळत नाहीत, उलट पेट्रोल माझं, गेटवर तिकीट असेल तर तेही माझं. आणि माझी मुलगी खेळते म्हणून नव्हे हां, मला मुलगीच नाही, एक मुलगा आहे आणि तो बुद्धिबळ खेळतो. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. सांगलीहून आई फोनवर म्हणते, "दुसऱ्यांच्या पोरींचं काय लिहीत बसतीस गं उन्हातान्हाचं?" आई, जिममध्ये एसी असतो. बहुतेक वेळा.

हायस्कूल बास्केटबॉलचा खरा सीझन हिवाळ्यात. तेव्हा आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, बँड, गच्च भरलेले ब्लीचर्स (प्रेक्षकांची पायऱ्यांची बाकं), सगळं रीतसर. उन्हाळ्यातल्या लीगमध्ये मात्र दोन हाफ आणि रनिंग क्लॉक, म्हणजे बॉल बाहेर गेला तरी घड्याळ पळतच राहतं, शेवटच्या एक-दोन मिनिटांतच काय ते थांबतं. जर्सी दोन्ही बाजूंनी घालता येणारी, एक बाजू पांढरी एक रंगीत, पाठीवर नाव नाही, कधी कधी एकाच टीममध्ये दोन बारा नंबर. मग मी वहीत "१२ वेणी" आणि "१२ गुडघ्याला पट्टा" असं लिहिते. कोच पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल आणून खेळ चालवणारीला, मुद्दाम पोस्टमध्ये (बास्केटजवळ) उभी करतो, उंच मुलीला बॉल आणायला लावतो, हरलं तरी कुणाचं काही जात नाही. मला हेच आवडतं. हिवाळ्यात तुम्हाला तयार झालेलं पोर्ट्रेट दिसतं, उन्हाळ्यात स्वयंपाकघर दिसतं, पीठ सांडलेलं, एक पोळी करपलेली. आणि हो, कॅन्टीनला वॉकिंग टाको मिळतो, म्हणजे चिप्सचं पाकीट फोडून त्यातच खिमा, चीज, सालसा घालून चमचा खुपसून देतात. आपल्या ओल्या भेळेचा चुलतभाऊच, फक्त वरून शेव आणि कैरी कुणीतरी घालायला पाहिजे.

आता मुद्द्यावर येते. सुरुवातीला मी पण रेटिंग द्यायचे. पाच पैकी स्टार. टेस्टिंगवाली बाई, मला प्रत्येक गोष्टीला पास-फेल लावायची सवय. दुसऱ्याच उन्हाळ्यात एका मुलीबद्दल लिहिलं की डिफेन्सला परत धावत नाही, शेवटच्या दहा मिनिटांत तर नुसती चालत होती, एफर्ट कमी, दोन स्टार. तेव्हा वाटलं काय परखड लिहिलंय. पुढच्या आठवड्यात एक बाई ब्लीचर्सवर माझ्याशेजारी येऊन बसल्या, अजिबात न चिडता म्हणाल्या की तुम्ही लिहिलंत ते वाचलं, बरोबरच होतं, ती धावत नव्हती. आदल्या रात्री तिच्या सॉफ्टबॉलच्या (बेसबॉलसारखा खेळ) लागोपाठ दोन मॅच होत्या, दुसरी संपेपर्यंत अकरा वाजले, घरी यायला दीड तास.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अख्ख्या अमेरिकेत शाळांचं सॉफ्टबॉल वसंतात होतं (काही ठिकाणी शरदात), फक्त आयोवात ते उन्हाळ्यात होतं. जुलैत फोर्ट डॉजला त्याची स्टेट टुर्नामेंट. म्हणजे छोट्या गावातली जी मुलगी हिवाळ्यात पॉइंट गार्ड असते तीच आता सॉफ्टबॉलच्या मैदानात शॉर्टस्टॉप, तीच सकाळी वेट रूममध्ये, आणि मधल्या वेळात तीच एखाद्या स्विमिंग पूलवर लाईफगार्डची नोकरी करून पेट्रोलचे पैसे काढते. हे सगळं मला माहीत होतं हो, इतकी वर्षं इथे राहतेय. पण वहीत त्याला कॉलमच नव्हता. त्या बाई गेल्यावर मी फोनवरून तो रिपोर्ट काढून टाकला, पण ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचला होता, आणि त्यात ती स्वतः पण आली. पंधरा वर्षांची मुलगी. त्या दिवसापासून स्टार बंद.

मग काय लिहिते? जे घडलं ते. कुणी बॉक्स आऊट केलं (समोरचीला अंगाने मागे रोखलं) म्हणून दुसरीला रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल मिळाला, कुणाच्या स्क्रीनमुळे (आडवं उभं राहून वाट अडवल्यामुळे) शूटर मोकळी झाली, पासच्या आधीचा पास कुणाचा होता, बॉलला नुसतं बोट लावून कुणी समोरच्यांचा डाव मोडला. हे बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे गेमच्या आकड्यांच्या तक्त्यात येत नाही. दुखापत झाली तर नाव लिहीत नाही. मुलींच्या गुडघ्याचं ते एसीएल लिगामेंट मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतं, हे आता सगळ्यांना माहीतय, पण म्हणून एखादीचा सर्वात वाईट दिवस मी कशाला इंटरनेटवर चिकटवू. शेवटची फ्री थ्रो हुकली तर "स्कोअर एकने कमी पडला" एवढंच. लोक म्हणतात ही काय पत्रकारिता, गुळमुळीत. बरं, गुळमुळीत. मी पत्रकार नाहीच. पगारी लोकांना अडतात ते नियम मला नाहीत, तसाच त्यांच्यामागे उभा राहणारा संपादकही नाही, त्यामुळे ब्रेक मलाच लावावा लागतो.

एकदा एका सत्तरीच्या आजींशी गप्पा झाल्या, नातीचा गेम बघायला आलेल्या. म्हणाल्या मी पण शाळेत खेळायचे, सिक्स ऑन सिक्स. तुम्हाला हा प्रकार माहीत नसेल तर ऐका, भन्नाट आहे. आयोवात मुलींची स्टेट टुर्नामेंट १९२० पासून आहे. आणि इथे १९९३ पर्यंत बऱ्याच शाळांच्या मुली वेगळ्याच नियमांनी खेळायच्या: एका बाजूला सहा जणी, तीन फॉरवर्ड, तीन गार्ड, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, आणि बॉल दोनदाच टप्पे द्यायचा, तिसरा दिला की गेला. फॉरवर्ड फक्त बास्केट करणार, गार्ड फक्त अडवणार. १९६८ साली डेनिस लाँग नावाच्या मुलीने एका गेममध्ये १११ पॉइंट केले होते, पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने तिला चक्क ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) निवडलं, पुरुषांच्या एनबीए लीगमध्ये, आणि लीगच्या कमिशनरने ती निवड रद्द केली. तर मी आजींना उत्साहाने विचारलं, तुमचा हायेस्ट स्कोअर किती? त्या हसल्या. "मी गार्ड होते. चार वर्षांत एकदाही बास्केटकडे बॉल टाकला नाही."

शून्य पॉइंट. चार वर्षं. आता बसवा त्यांना टॉप टेनमध्ये.

आणि हे यादीचं वेड वाढलंय ते उगाच नाही. वेस्ट डी मॉईनची केटलिन क्लार्क, आयोवा युनिव्हर्सिटीकडून खेळताना तिने ३९५१ पॉइंट केले, कॉलेजच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पुरुष-बायका कुणीच तेवढे केलेले नाहीत. २०२४ ची तिची कॉलेजची फायनल टीव्हीवर जवळपास १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली, त्या वर्षीच्या पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त, असं पहिल्यांदाच झालं. (डी मॉईनमधला प्रत्येक माणूस सांगतो की मी तिला शाळेत असताना बघितलं होतं. मी नाही बघितलं. मी त्या काळात बहुधा डायपर बदलत होते.) तेव्हापासून जिममध्ये गर्दी वाढली, तिच्या २२ नंबरच्या छोट्या छोट्या जर्सी आल्या, त्याचा मला मनापासून आनंद आहे. सहावीतल्या पोरी हाफ कोर्टवरून बॉल भिरकावतात त्याचा जरा कमी आनंद आहे. पण त्यासोबत दुकानंही आली. मुलीचा व्हिडिओ बनवून देतो, रँकिंगमध्ये टाकतो, कॉलेज कोचपर्यंत पोचवतो, इतके डॉलर. जुलैत काही ठराविक दिवस कॉलेजचे कोच गेम बघायला येऊ शकतात, बेसलाईनला ओळीने बसतात, कॉलेजचा लोगो असलेले पोलो घालून, आणि त्या दिवशी पालकांचे चेहरे दहावीच्या निकालासारखे. पोरी बऱ्या असतात, टेन्शन ब्लीचर्सवर असतं. त्या कोचना माझी यादी नकोय, त्यांना डोळे आहेत. यादी लागते ती आपल्याला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला.

मग तू हे करतेसच कशाला, असं नवरा विचारतो. गावागावांतले पेपर बंद पडलेत किंवा स्पोर्ट्सवाला एकच माणूस उरलाय, तो जूनमध्ये लीगच्या गेमला येणार नाही हे उघड आहे. पण खरं कारण ते पण नाही. मी शाळेत खो-खो खेळायचे. जिल्ह्याच्या फायनलला एकदा साडेतीन मिनिटं नाबाद पळाले होते, हे मला आठवतं, माझ्या मैत्रिणीला आठवतं, बाकी कुठेही लिहिलेलं नाही. एक सर्टिफिकेट होतं, ते माळ्यावर नव्हतं, खालच्या कपाटात होतं, २०१९ च्या पुरात गेलं. साडेतीन होती का सव्वातीन, हेसुद्धा आता मैत्रिणीशी भांडून ठरवावं लागतं.

तर त्या बाबांना: राग मानू नका. मुलगी कितवी आहे हे मी नाही सांगणार, पण तिचा गेम असेल त्या दिवशी कळवा, मी येईन, चाळीस मैलांच्या आत असेल तर नक्की. तिने काय केलं ते लिहीन, बसून होती तर बसून कुणासाठी टाळ्या वाजवल्या ते लिहीन.

मंगळवारी साडेपाचपासून तीन गेम आहेत, दोन कोर्टवर, म्हणजे एक सुटणारच. येणार असाल तर एक पेन जास्तीचं आणा, माझं मागच्या वेळी कुणाच्या तरी धाकट्या भावाने नेलं आणि दुसरा हाफ मी आयलायनरने लिहिला.